लॉनीच्या मागचा बाक

मुलाच्या खटल्याला एल्वुड प्रुइट कोर्टात आत का बसला नाही, याचं एक उत्तर गावात ठरून गेलं होतं. तो साक्षीदार होता, आणि साक्षीदारानं आपली पाळी येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नसतं, तसा नियमच आहे. मग बिचारा करणार काय? चर्चमध्ये, न्हाव्याकडे, खताच्या दुकानात, सगळीकडे हेच उत्तर चालायचं आणि ऐकणारे समजुतीनं मान हलवायचे. ते पहिल्यांदा दिलं होतं खुद्द एल्वुडनं. आणि ते खोटं होतं.

आमच्याकडचा तंबाखू उन्हात वाळत नाही, धुरात वाळतो. पानं कोठारात वर टांगायची आणि खाली जमिनीवर लाकडाचे ओंडके, त्यावर भुसा, अशी धुरी द्यायची. पानगळीच्या दिवसांत बाहेरगावचा माणूस आमच्या रस्त्यानं गेला तर त्याला वाटतं सगळी कोठारं पेटलीत, आणि तो घाबरून आगीच्या बंबाला फोन करतो. बंबवाले शिव्या देतात आणि झोपतात. पण दर एकदोन वर्षांनी एखादं कोठार खरंच पेटतं, आणि कुणी त्याचा खटला करत नाही.

हॉलिस गार्नेटचं कोठार पेटलं त्याचा खटला झाला, कारण त्याच आठवड्यात हॉलिसनं लॉनी प्रुइटला दारू पिऊन आल्याबद्दल कामावरून हाकललं होतं. जाता जाता लॉनी सगळ्या गड्यांसमोर ओरडला होता, "उद्या तुमचं कोठार पेटलं ना, तर मी बघतसुद्धा नाही." दारूच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण कोठार पेटलं, आणि त्या रात्री त्या रस्त्यावर लॉनीची गाडी पाहिल्याचं सांगणारा एक माणूसही निघाला. मग ते वाक्य कोर्टात इतक्यांदा वाचलं गेलं, की शेवटी शेवटी ते बायबलातलं असावं असं वाटायला लागलं.

एल्वुडला बायको नव्हती, जेनीव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लॉनी एकुलता एक. एल्वुड चर्चचा डीकन, म्हणजे पंचांतला माणूस, रविवारी पहिल्या रांगेत बसणारा. त्याच रांगेत, त्याच्या शेजारी, हॉलिस बसायचा. दोघं लहानपणापासून एकमेकांच्या कोठाराला धुरी द्यायला जात. आता ज्याचं कोठार जळलं तोही पहिल्या रांगेत आणि जाळणाऱ्याचा बापही पहिल्या रांगेत, अशी गत झाली होती. एल्वुडला प्रार्थना म्हणताना स्वतःचाच आवाज नकोसा व्हायला लागला.

खटल्याच्या पहिल्या दिवशी तो खरोखरच बाहेर होता, नियमाप्रमाणे. लॉनीच्या वकिलानं त्याचं नाव साक्षीदारांत घातलं होतं. दुपारी तो जाडजूड वकील घाम पुसत कॉरिडॉरमध्ये आला.

"त्या रात्री लॉनी घरी होता, एवढं सांगायचंय तुम्ही."

"मी झोपलो होतो."

"म्हणजे? आला तेव्हा जाग नाही आली?"

"नाही आली. सकाळी तो घरात होता. रात्रीचं मी कसं सांगू? बायबलावर हात ठेवून न पाहिलेलं सांगू?"

वकिलानं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. "राहू द्या मग. तुम्हाला उभं केलं तर सरकारी वकील तुम्हाला उलटा वापरेल. सुटलात तुम्ही. आता एक करा, आत जाऊन बसा. डाव्या हाताला पहिला बाक, लॉनीच्या अगदी मागे. ज्युरीची माणसं सगळं बघत असतात."

"जातो," एल्वुड म्हणाला.

आणि तो गेलाही, दारापर्यंत. दाराला काच होती. काचेतून उजवीकडचे बाक दिसले, चर्चमधल्या माणसांनी भरलेले. मिसेस टॉली होती, पास्टरची बायको होती, शाळेतले दोघं होते. डावीकडे काही नव्हतं. नुसते बाक, आणि त्यांच्यापुढे लॉनीची मान. केस ताजे कापलेले. अंगात एल्वुडचाच निळा कोट, रविवारचा, वकिलानं मागून नेलेला, खांद्यांवर ढगळ झालेला. त्या मोकळ्या बाकापर्यंत जायचं म्हणजे सगळ्या गावाच्या नजरेसमोरून मधल्या वाटेनं चालत जायचं, आणि मग सगळ्यांच्या देखत त्या बाकावर टेकायचं, की हो, हा माझा. एल्वुडचा पाय पुढे पडेना. त्याला त्या क्षणी मुलाची लाज वाटली, सरळ सांगायचं तर. आणि मनातून, खोल कुठेतरी, त्याला वाटत होतं की पोरानं लावलीच असेल आग.

तो मागे फिरला आणि चौकात झाडाखाली लावलेल्या आपल्या ट्रकात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही सकाळपासून तिथेच बसला. घरून आणलेला मक्याचा पाव त्यानं ट्रकातच खाल्ला. दुपारच्या सुट्टीत शेरीफचा माणूस लॉनीला बेड्या घालून चौकातून समोरच्या तुरुंगात जेवायला घेऊन चालला, तेव्हा एल्वुडनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि सीटवर खाली सरकला.

शेवटच्या भाषणात सरकारी वकील ज्युरीसमोर उभा राहिला आणि त्यानं हात लांब करून तो बाक दाखवला. "त्याच्या मागे बघा. जन्मल्या दिवसापासून ज्यानं त्याला ओळखलंय, तो माणूस आज तिथे बसायला तयार नाही. का नसेल? त्याला काहीतरी माहीत असेल." लॉनीचा वकील उठला, म्हणाला, याला हरकत आहे. न्यायाधीश म्हणाले, चालू द्या. ज्युरी संध्याकाळच्या जेवणाआधीच बाहेर आली. दोषी. बारा वर्षं.

हे सगळं एल्वुडला कळलं ते हॉलिसकडून. तो त्याच संध्याकाळी ओसरीवर येऊन बसला. ज्याचं कोठार जळलं त्यानंच यावं, अशी आमच्याकडची रीत.

"त्या बाकाबद्दल तो बोलला ते काही बरं नाही केलं त्यानं," हॉलिस म्हणाला.

"मला आत बसता येत नव्हतं," एल्वुड म्हणाला. "साक्षीदार होतो ना मी. नियम आहे."

हॉलिसनं अंगणाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला, "तेही खरंच." आणि तेव्हापासून गावाचं उत्तर ठरलं.

लॉनीचं अपील लढवणारी वकील राजधानीतून आली, सरकारनंच नेमलेली. मिस केसलर. बारीक चणीची, मोठ्या चष्म्याची, आणि तिच्या छोट्या मोटारीत कागद इतके की तिला स्वतःला बसायला जागा उरलेली नव्हती. एल्वुडनं तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि घेवडा वाढला. तिनं तो दोनदा मागून घेतला, त्यामुळे ती त्याला आवडली.

"मिस्टर प्रुइट, एक समजून घ्या," ती म्हणाली. "वरचं कोर्ट लॉनीनं आग लावली की नाही हे बघत नाही. ते एवढंच बघतं की खालचा खटला नीट झाला का. आणि तेही खटल्यात जे बोललं गेलं, लिहिलं गेलं, तेवढ्यावरूनच. जे लिहिलेलं नाही ते त्यांच्या लेखी घडलंच नाही."

"म्हणजे आता काहीच नवीन सांगता येणार नाही?"

"एक अक्षर नाही. पण सांगायची गरजच नाही." ती पुढे झुकली, आणि तिच्या चेहऱ्यावर शाळकरी पोरीसारखा आनंद होता. "मला मुद्दा सापडलाय. सरकारी वकील म्हणाला, बाप बसायला तयार नाही. पण तुमचं नाव तर साक्षीदारांत होतं. नियमानंच तुम्हाला बाहेर ठेवलं होतं, आणि त्याला ते चांगलं ठाऊक होतं. नियमानं दाराबाहेर ठेवायचं आणि मग ज्युरीला म्हणायचं, बघा, आला नाही. इतका उघड खोटेपणा मी अजून पाहिला नाही. तुम्ही बाहेर होतात ना?"

एल्वुडनं खरकटी ताटली उचलली आणि मोरीकडे गेला. कॉरिडॉरमधलं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. तो जाडजूड वकील त्याच हिवाळ्यात वारला होता. "होतो," तो पाठमोराच म्हणाला. "बाहेरच होतो."

त्यानंतर त्याचे हाल सुरू झाले. मिस केसलरनं अपिलात छान परिच्छेद लिहिला, त्याची प्रत त्याला पाठवली. त्यात तो "दाराबाहेर आज्ञाधारकपणे उभा असलेला बाप" होता. चर्चमध्ये पास्टरनं लॉनीसाठी प्रार्थना केली आणि जोडीला एल्वुडसाठीही, ज्याला अन्यायानं मुलापासून दूर ठेवलं गेलं. सामुदायिक जेवणाला मिसेस टॉलीनं सफरचंदाची तळलेली करंजी करून आणली, आठवणीनं त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवली, आणि म्हणाली, "ब्रदर एल्वुड, तुमच्या मनाला काय वाटलं असेल त्या दिवशी, दाराबाहेर." त्यानं ती खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. लोक शिव्या देतील तर माणूस सहन करतो, चूक कबूल करून मोकळा तरी होतो. दया दाखवतात तेव्हा पळायला वाट नसते.

वरच्या कोर्टातल्या सुनावणीच्या आधीच्या शनिवारी तो लॉनीला भेटायला तुरुंगात गेला. भेटीच्या खोलीत खुर्च्या जमिनीत रोवलेल्या होत्या. लॉनी वाळला होता. दारू सुटल्यानं चेहरा मात्र स्वच्छ झाला होता, जेनीव्हासारखा दिसत होता.

"बाबा, बाई म्हणते चांगला मुद्दा आहे," लॉनी म्हणाला. "म्हणते, निम्म्याहून जास्त आशा आहे."

"लॉनी, त्या मुद्द्याबद्दलच बोलायचंय मला."

"काय?"

एल्वुडनं वाटेत सगळं पाठ केलं होतं. आता त्यातलं एक वाक्य आठवेना. "मी बाहेर होतो ते... पहिल्या दिवशी नियम होता. दुपारनंतर वकिलानं मला सोडलं होतं. म्हणाला, आत जाऊन बसा."

लॉनीनं बोटांनी टेबलावरचा एक ओरखडा दाबून धरला होता.

"मी बसलो नाही," एल्वुड म्हणाला. "मला लाज वाटली."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमचा ट्रक, बाबा. झाडाखाली. दोन्ही दिवस." लॉनीचा आवाज अगदी साधा होता. "मला चौकातून नेत होते ना जेवायला. तुम्ही टोपी डोळ्यांवर ओढलीत. आणि असे खाली सरकलात." त्यानं स्वतः खुर्चीत थोडं खाली सरकून दाखवलं. "म्हटलं, काच तरी वर करायची होती."

एवढे दिवस एल्वुड पोराला हे कसं सांगायचं म्हणून तळमळत होता, आणि पोरानं ते तेव्हाच पाहिलं होतं. पाहून गप्प बसला होता. वकिलाला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही.

"मी आग लावली नाही," लॉनी म्हणाला. "तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मी कधी सांगितलं नाही."

"मग आता विचारतो."

"आता नको. आता फक्त गप्प बसा. त्या बाईला एक शब्द बोलू नका. तिला कळलं तर तिला तो मुद्दा मांडता यायचा नाही, ती तसली सरळ बाई आहे."

"पण ते खोटं आहे, पोरा."

"असू दे. तुमचं खोटं आहे ना? मग राहू द्या तुमच्या पोटात." लॉनी उठला. "तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी नाही इथे आणखी अकरा वर्षं काढणार."

पोराचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. परतीच्या वाटेवर एल्वुडनं ठरवलं, गप्प बसायचं. आयुष्यभर लोकांची दया सोसायची आणि गप्प बसायचं, हीच आपली शिक्षा. ती बाराहून अधिक वर्षांची असेल, तर असू दे.

सुनावणीला कैद्याला आणत नाहीत. ज्युरी नसते. तीन न्यायाधीश वर बसतात आणि दोन वकील खाली उभे राहून बोलतात, आणि बहुतेक वेळा ऐकायला कुणीही नसतं. एल्वुड मात्र गेला. निळा कोट घालून, टोपी ट्रकात ठेवून, मिस केसलरच्या अगदी मागच्या बाकावर जाऊन बसला. इथे बसून कुणाला काय उपयोग होता? बाक रिकामा आहे की भरलेला, हे बघायला इथे कुणी नव्हतं. तरी तो बसला.

केसलरबाई छान बोलली. मधल्या न्यायाधीश बाई पांढऱ्या केसांच्या होत्या, चष्म्यावरून बघायच्या. त्यांनी मधेच तिला थांबवलं.

"तुम्ही लिहिलंय की वडिलांना नियमानं बाहेर ठेवलं होतं. पण त्यांची साक्ष तर झालीच नाही. मग ते शेवटपर्यंत बाहेर होते ते नियमामुळेच, हे कशावरून?"

"त्यांना मोकळं केल्याची कुठे नोंद नाही, मॅडम."

"नोंद नाही, हे मला दिसतंय. तुम्ही ते छातीठोकपणे लिहिलंय, म्हणून विचारते. तुमच्या माहितीप्रमाणे ते खरं आहे?"

मिस केसलरला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. तिनं किंचित वळून मागे पाहिलं, त्याच्याकडे, जणू म्हणत होती, हा बघा, इथेच बसलाय की तो. ती हसत होती.

एल्वुडचा हात वर गेला. कपाळाशी जाऊन टोपीचा काठ शोधू लागला. टोपी नव्हती. हात तसाच हवेत राहिला, आणि आपण काय करत होतो ते त्याचं त्यालाच दिसलं. भर चौकातल्या ट्रकात बसलेला माणूस त्याला दिसला, आणि समोरून बेड्या घालून चाललेला पोरगा, बापाकडे बघणारा. हे पुन्हा करायचं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. लॉनीनं काय सांगितलं होतं, काय बुडणार होतं, ते सगळं त्याला त्या क्षणी ठाऊक होतं, विसरला अशातला भाग नाही. त्यानं हात खाली घेतला, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली. नाही.

एक शब्दही तो बोलला नाही.

तिचं हसू गेलं. ती पुन्हा पुढे वळली. समोरचा सरकारी वकील पेन उचलून सरसावला.

"मॅडम," ती म्हणाली, "ते वाक्य मी मागे घेते. मला ते म्हणता येत नाही."

"मग तुमच्या मुद्द्यात उरलं काय?"

"सांगते." तिनं समोरचे कागद बाजूला सारले. "समजा नियम नव्हताच. समजा वडील मोकळे होते, आणि तरी आले नाहीत. समजा ते बाहेर आपल्या गाडीत बसून होते. त्यांना लाज वाटत होती. लहान गाव आहे, सगळे ओळखीचे, आणि मुलगा आरोपीच्या खुर्चीत. एखाद्या बापाला आत जायचं जिवावर आलं असेल. पण त्यावरून कोठार कुणी पेटवलं हे कसं कळतं? बापाची लाज हा मुलाविरुद्ध पुरावा आहे का? सरकारी वकिलानं तो पुरावा केला. त्या बाकाला कुणी शपथ दिली नव्हती, कुणाला त्याची उलटतपासणी करता आली नाही. आणि ज्युरीला मात्र तेच शेवटचं दाखवलं गेलं."

पांढऱ्या केसांच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. एल्वुड मान खाली न घालता बसून राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या भाजत होत्या. पण त्याला तिथून उठून जावंसं वाटलं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती त्याच्यावर उखडली. "महिनोन् महिने तुम्ही मला सांगितलं नाहीत. आणि सांगितलंत ते तिथे, त्यांच्यासमोर, मान हलवून."

"चुकलं माझं," एल्वुड म्हणाला. "मी ट्रकात होतो. तुम्ही म्हणालात तसाच."

"मी ते उदाहरण म्हणून म्हटलं होतं, मिस्टर प्रुइट."

"हो. पण तसंच होतं."

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाली, "आता काय होईल ते सांगता येत नाही. मुलाला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

त्यानं सांगितलं. तुरुंगातून फोन आला तेव्हा सांगितलं, काही न लपवता. लॉनीनं सगळं ऐकून घेतलं. "बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. त्यानंतरच्या शनिवारी एल्वुड गेला तर दारावरच्या शिपायानं सांगितलं की कैदी भेटायला नाही म्हणतोय. पुढच्या शनिवारीही तेच. एल्वुड तरी जात राहिला. दाराशी नाव सांगायचा, नकार ऐकायचा, आणि परत यायचा. शिपायाची आणि त्याची चांगली ओळख झाली.

हॉलिसला त्यानं रविवारी सांगितलं, प्रार्थना सुटल्यावर, गाड्यांपाशी.

"हॉलिस, मला कुणी बाहेर काढलं नव्हतं. मी ट्रकात बसून होतो."

हॉलिसनं टोपी मागे सारली. "अरे, तुझा हिरवा ट्रक. कोर्टाच्या समोर. दोन दिवस. तुला काय वाटलं, आम्ही आंधळे आहोत?"

"सगळ्यांना माहीत होतं?"

"मिसेस टॉली तर तुला कॉफी घेऊन येणार होती. मीच म्हटलं, नको, त्याला वाटतंय आपण कुणाला दिसत नाही."

एल्वुडला ती सफरचंदाची करंजी आठवली, त्या प्रार्थना आठवल्या, खताच्या दुकानातल्या त्या हलणाऱ्या माना आठवल्या. त्यानं खोटं सांगितलं होतं आणि सगळ्या गावानं ते त्याच्यासाठी जपून ठेवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या गाड्यांपाशी कळलं.

निकाल आला तेव्हा मोहोर गळून सफरचंदं धरायला लागली होती. दोन न्यायाधीश बाजूनं, एक विरुद्ध. शिक्षा रद्द, खटला पुन्हा चालवायचा. मिस केसलरनं फोनवर त्याला त्यातलं वाचून दाखवलं. वडील का आले नाहीत हा प्रश्न आमच्यापुढे नाही, असं त्यात होतं, आणि कारण काहीही असलं तरी ते मुलाच्या अपराधाचा पुरावा होऊ शकत नाही. ती आनंदानं बोलत होती. एल्वुडनं तिला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाला, "आभारी आहे, मिस केसलर. घेवडा झालाय यंदा चांगला. कधी इकडे आलात तर."

नव्या खटल्याला नवा वकील होता, चुणचुणीत. त्यानं एल्वुडला बोलावून विचारलं, साक्षीदारांत नाव घालू का, लॉनीच्या चारित्र्याबद्दल चार शब्द बोलाल, तुम्ही डीकन आहात, ज्युरीवर छाप पडेल.

"नको," एल्वुड म्हणाला. "साक्षीदाराला बाहेर बसावं लागतं."

खटल्याच्या सकाळी कोर्टाचं दार उघडलं तेव्हा पहिला आत शिरणारा तोच होता. मधल्या वाटेनं तो चालत गेला आणि डावीकडच्या पहिल्या बाकावर बसला. उजवीकडे एकेक करून ओळखीची माणसं येऊ लागली. मिसेस टॉली आली, वाटेत थबकली, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि शेवटी उजवीकडेच जाऊन बसली. एल्वुडनं तिला मान लववून नमस्कार केला. हॉलिस सरकारचा साक्षीदार, म्हणून तो मात्र बाहेर कॉरिडॉरमध्ये होता.

बाजूच्या दारातून लॉनीला आणलं. या वेळी त्याचा स्वतःचा कोट होता, अंगाबरोबर बसलेला. त्यानं बाकाकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही. शिपायानं बेड्या काढल्या. तो मनगटं चोळत खुर्चीत बसला, बापाकडे पाठ करून, हाताच्या अंतरावर. त्या फोननंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

ज्युरीसाठी बोलावलेली माणसं आत यायला लागली. पहिली बाई आत येताच तिची नजर सवयीनं लॉनीवर गेली, मग त्याच्या मागे, एल्वुडवर. एल्वुड ताठ बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"बाबा," लॉनी मागे न वळता हळूच म्हणाला, "ट्रक कुठे लावलाय?"

"आणलाच नाही," एल्वुड म्हणाला. "हॉलिसनं त्याच्या गाडीतून आणून सोडलं."